गॉगलचा उपदेश आणि विसरलेली रांजणवाडी

पापणीच्या कर्करोगावर आपल्याकडे विज्ञानवृत्त आले की त्याचा साचा ठरलेला असतो : गोऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र, खालच्या पापणीवर मोत्यासारखी चकाकणारी गाठ, अखेरीस गॉगल आणि सनस्क्रीनचा उपदेश. उपदेश खोटा नाही. परंतु तो ज्या रुग्णांसाठी लिहिला गेला ते बहुतांशी युरोप-अमेरिकेत राहतात.

तेथे पापणीच्या दहा कर्करोगांपैकी सुमारे नऊ बेसल सेल कार्सिनोमा असतात : उन्हाशी निगडित, संथ, क्वचितच दूर पसरणारे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत पाचशेहून अधिक भारतीय रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक कर्करोग सेबेशियस ग्रंथींचे निघाले. बेसल सेलचा वाटा पावाच्या आसपास. अश्रूंवर तेलाचा पातळ थर पसरवणाऱ्या पापणीतील मायबोमियन ग्रंथींत हा रोग बहुधा उद्भवतो, वरच्या पापणीत अधिक आढळतो आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो.

येथे माझ्यातला भौतिकशास्त्रज्ञ हटकतो : वाटा म्हणजे प्रमाण नव्हे. मेलॅनिनमुळे सावळ्या त्वचेत बेसल सेल कमी होतो. छेद लहान झाला की उरलेल्यांचा वाटा आपोआप फुगतो. आक्षेप रास्त आहे. पण तपासणीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसापुढचा प्रश्न लोकसंख्येचा नसतो. ही गाठ कर्करोगाची असलीच, तर ती कोणत्या कर्करोगाची, हा असतो. आणि त्याचे उत्तर आपल्याकडे वेगळे आहे.

शिवाय हा रोग बहुरूपी आहे. तो रांजणवाडीसारखा दिसतो, कधी एकाच डोळ्याच्या न हटणाऱ्या लालीसारखा. माझ्या मावशीने आधी घरचा उपाय केला, तळहातावर बोट घासून शेकण्याचा. मग एका दवाखान्यात गाठ खरवडली गेली. ती पुन्हा आली, पुन्हा खरवडली गेली. दोन्ही वेळा काढलेला ऊतक कचऱ्यात गेला. तिसऱ्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी पापणीच्या गळलेल्या केसांकडे पाहिले आणि तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत घातला. तोवर निम्मी पापणी कापावी लागणार होती.

वृत्तात यायला हवे होते ते हे : चाळिशी-पन्नाशीनंतर त्याच जागी परतणारी गाठ, झडणारे केस, जाडावणारी कड, आणि काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली गेलीच पाहिजे, हा आग्रह. यासाठी कोणतेही अत्याधुनिक यंत्र लागत नाही.

मी बेंगळुरूत काम करतो. येथे 1896 पासूनचे मिंटो नेत्ररुग्णालय आहे, किदवई कर्करोग संस्था आहे. परदेशी वृत्तसंस्थेचा मजकूर जसाच्या तसा उतरवणाऱ्या विज्ञानवार्ताहरांना येथे एक दूरध्वनी करणे इतके जड का जाते, हे त्यांनीच सांगावे.