सलाईनच्या बाटलीतले तेल



आपल्या जालना जिल्ह्यात आता कापूस आणि सोयाबीन हीच मुख्य पिके झाली आहेत. पूर्वी रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे तास असत. काट्यांमुळे जनावर रानात शिरत नसे आणि घरच्या तेलाचीही सोय होई. कुठे कुठे जवसाची निळी फुले दिसत. मी डॉक्टर नाही, पण तेलबिया हा माझ्या रोजच्या कामाचा विषय. या चारही पिकांचा दवाखान्यातल्या एका पांढऱ्या बाटलीशी संबंध आहे, तो आज सांगतो.

आतड्याचे मोठे ऑपरेशन झाले किंवा आतडे कामच करीनासे झाले, तर रोग्याचे सारे अन्न शिरेतून द्यावे लागते. साधे सलाईन म्हणजे मीठ-पाणी, फार तर साखर. शिरेतून देण्याच्या या अन्नात दुधासारखी पांढरी बाटली दिसली, तर ते तेल असते. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून अंड्याच्या बलकातला एक स्निग्ध पदार्थ घालून त्याचे अगदी बारीक थेंब करतात. अमेरिकेत आधी सरकीच्या तेलाची बाटली निघाली होती. तिने ताप येई, कावीळ होई, म्हणून १९६० च्या दशकात ती बंद पडली. त्याच सुमारास स्वीडनचे आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेलाची बाटली तयार केली. ती मानवली आणि आजही चालते.

मग करडईची पाळी आली. अमेरिकेतल्या सहा वर्षांच्या एका मुलीचे बरेचसे आतडे काढावे लागले होते. तिला पाच महिने शिरेतून करडई तेलाचे अन्न दिले. तिच्या अंगाला मुंग्या येऊ लागल्या, पाय दुखू लागले, चालवेना, नजर अंधूक झाली. बाटली बदलून सोयाबीन तेलाची दिली, तेव्हा त्रास गेला. १९८२ साली ही हकिकत शास्त्रज्ञांनी छापली. करडईच्या तेलात ओमेगा-६ भरपूर, पण ओमेगा-३ जवळजवळ नाहीच. सोयाबीनमध्ये ते थोडे असते, जवसात तर तेलाच्या निम्म्याइतके. म्हणून करडई वाईट ठरत नाही. आपण चार जिन्नस खातो, त्या पोरीच्या शिरेत एकच तेल जात होते.

जखम झाली की लाली येते, सूज येते, ठणका लागतो. जंतूंशी लढण्यासाठी हा दाह हवाच. पण आजारी माणसात तो आवरला नाही, तर स्वतःचेच अवयव होरपळतात. दाह भडकवणारे पुष्कळ निरोप शरीर ओमेगा-६ पासून बनवते. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ पासून बनणारे निरोप सौम्य असतात, काही तर दाह शमवणारे. त्यामुळे आता सोयाबीन, नारळ, ऑलिव्ह आणि मासा अशा मिश्र तेलांच्या बाटल्याही निघाल्या आहेत. नुसत्या सोयाबीन तेलावर बरेच दिवस राहिलेल्या काही तान्ह्या मुलांचे यकृत बिघडते. अशा मुलांसाठी अमेरिकेने २०१८ साली माशाच्या तेलाची बाटली मंजूर केली. मोठ्या माणसांत मासळी तेलाने जंतुसंसर्ग कमी होतो असे बऱ्याच चाचण्यांत दिसले, तरी सर्व जाणकारांचे त्यावर एकमत नाही. कोणती बाटली द्यायची, ते डॉक्टरांवर सोडा. महागडी तीच आणा, असा हट्ट धरून बैल विकायला काढू नका.

घरच्या माणसांनी करायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. रोग्याला अंडे, सोयाबीन, शेंगदाणा किंवा मासा सोसत नसेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. माळकरी घरांनीही बाटलीत काय आहे ते विचारायला संकोचू नये. बाटली लवकर संपावी म्हणून नळीचे चाक फिरवू नका. यकृतात आणि प्लीहेत जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. तेल फार वेगाने गेले तर रक्तात साचते आणि त्या पेशी तेलच गिळत बसतात. ही बाटली म्हणून तर तासन्‌तास चालवतात.

आणि आतडे चालत असेल तर तोंडाने किंवा नाकातल्या नळीने दिलेले अन्नच बरे. तोंडावाटे कधी सुरू करता येईल, हे डॉक्टरांना रोज विचारा. नळीतून मात्र दवाखाना सांगेल तेच द्या, घरून आणलेली पेज आपल्या मनाने ओतू नका.