कॉफीच्या मुळाशी

विशाखापट्टणमहून अरकूकडे निघालेली सकाळची गाडी पूर्व घाट चढू लागली, की एकामागून एक बोगदे सुरू होतात. बोर्रा गुहलु नावाच्या लहानशा स्थानकावर पर्यटकांची झुंबड उतरते. चुनखडीच्या प्रचंड गुहा बघायच्या, बांबूच्या नळीत तेलाशिवाय शिजवलेली कोंबडी खायची, कॉफीची पुडी घ्यायची आणि पुढे अरकूला जायचे, असा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. याच रुळांवरून बैलाडिलाच्या खाणींतले लोहखनिज विशाखापट्टणम बंदराकडे उतरत असते. 1960च्या दशकात हा अवघड मार्ग बांधला गेला तोच मुळी या खनिजासाठी. ते जपानला पाठवायचे होते.

गुहांच्या आसपास विखुरलेले बोर्रा गाव मात्र फारसे कुणी पाहत नाही. अनंतगिरी मंडलातल्या या भागात कोंडदोरा आणि इतर आदिवासी समाजांची वस्ती आहे. घरामागच्या उतारावर नाचणी, भात, हळद, आले. आणि वर सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी. त्याच सिल्व्हर ओकच्या खोडांवर काळ्या मिरीचे वेल चढवलेले असतात. सावलीचे झाड, कॉफीचे झुडूप आणि मिरवेल अशी ही तीन मजली शेती एक-दोन एकरांत बसते.

या डोंगरांत कॉफी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजी अमलात. पण सामान्य आदिवासीच्या शेतात ती रुजायला बराच काळ जावा लागला. फिरत्या शेतीला पर्याय म्हणून कॉफी मंडळ, आदिवासी विकास यंत्रणा आणि स्वयंसेवी संस्थांनी तिचा प्रसार केला. आज अरकू, अनंतगिरी, पाडेरू, चिंतापल्ली या पट्ट्यात लाखाहून अधिक आदिवासी कुटुंबे कॉफी पिकवतात. फळे फक्त लालबुंद झालेलीच तोडायची, त्याच दिवशी साल काढायची, बी जमिनीवर न पसरता उंच माच्यांवर वाळवायचे, ही शिस्त लोकांनी अंगी बाणवली. त्याचे फळही मिळाले. 2017मध्ये अरकूच्या नावाने पॅरिसमध्ये कॉफीचे दुकान उघडले आणि 2019मध्ये ‘अरकू व्हॅली अरेबिका’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

ही यशोगाथा बहुतेक ठिकाणी इथेच संपते. चव, उंची, सेंद्रिय खत, सहकार, पॅरिस. या सगळ्याच्या तळाशी असलेल्या जमिनीच्या कायद्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि ते बोलणे आज महाराष्ट्रातही निकडीचे झाले आहे.

अरेबिकाचे झाड लावल्यावर पहिली फळे धरायला तीन-चार वर्षे लागतात. सावलीची झाडे वाढवायला त्याहून जास्त. ही जमीन पुढची वीस-तीस वर्षे आपलीच राहणार, याची खात्री असलेला माणूसच असली लागवड करतो. अरकूच्या आदिवासीला ती खात्री दिली 1970च्या पहिल्या विनियमाने, ज्याला तिथे ‘एक सत्तर’ म्हणून ओळखतात. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासीला विकता, देता किंवा भाडेपट्ट्याने लावता येणार नाही, हे त्याचे सार. एवढेच नव्हे, तर अशा क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासीच्या ताब्यात असेल, तर ती मुळात आदिवासीचीच होती असे धरले जाते. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबा असणाऱ्यावर येते.

कायद्याला धार आली ती बोर्राच्याच परिसरातून. या डोंगरांत कॅल्साइट आहे. आंध्र सरकारने खाणींचे पट्टे खासगी कंपन्यांना दिले, तेव्हा ‘समता’ ही संस्था न्यायालयात गेली. उच्च न्यायालयात हार झाली, पण 11 जुलै 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला, की कायद्याच्या नजरेत सरकारही एक ‘व्यक्ती’च आहे आणि अनुसूचित क्षेत्रातली जमीन तेही बिगर-आदिवासीला खाणीसाठी देऊ शकत नाही. त्या निकालपत्राच्या सुरुवातीलाच बोर्रा परिसरातल्या 14 गावांचा उल्लेख आहे. पर्यटक ज्या गुहा बघून परततात, त्यांच्या भोवतालचे डोंगर या निकालाचे ऋणी आहेत.

जमीन हाती असली म्हणजे सगळे सुटले, असे अजिबात नाही. 2025मध्ये अरकूच्या काही बागांत फळ पोखरणारी कीड आढळली आणि झाडावरची फळे काढून नष्ट करावी लागली. पिकाचा भाव गावापासून फार दूर ठरतो. रस्ता नसलेल्या पाड्यांवर दलालाला कमी भावात माल देणारेही आहेत. याच डोंगरांत वनविकास महामंडळाचे कॉफीचे मळे आहेत आणि तिथे आदिवासी मजूर म्हणून राबतो; ते मळे आम्हाला द्या, ही आदिवासींची जुनी मागणी आहे. पण मजूर आणि मालक यांच्यातला फरक एकाच डोंगरावर शेजारी-शेजारी दिसत असताना कोणती वाट धरायची, याबद्दल शंका उरू नये.

तरीही या कायद्याला हात घालण्याचा मोह सुटत नाही. 2025च्या सुरुवातीला आंध्रच्या विधानसभा अध्यक्षांनी पर्यटन वाढवण्यासाठी ‘एक सत्तर’मध्ये बदल सुचवला. फेब्रुवारीत आदिवासी संघटनांनी 48 तासांचा बंद पुकारला आणि कायदा बदलणार नाही, असे मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी, आदिवासींना आपली जमीन थेट खासगी कंपन्यांना भाड्याने देता यावी यासाठी कायदा आणण्याचा मनोदय गडचिरोलीत जाहीर केला. शेतीसाठीही आणि खनिजासाठीही. आदिवासीला बसल्या जागी हक्काचे उत्पन्न मिळेल, असा त्यामागचा युक्तिवाद. पण ज्याच्या उताऱ्यावर दुसऱ्याचा दीर्घ मुदतीचा करार बसला आहे, तो माणूस त्या जमिनीत मिरवेल लावणार नाही आणि सावलीची झाडेही राखणार नाही. करार संपेल तेव्हा खाणीचा खड्डा परत मिळाला, तर त्यात काय पेरायचे?

महाराष्ट्रात कॉफी दिसते ती मेळघाटात, चिखलदऱ्याला. उंची आहे, पाऊस आहे, डोंगर जाणणारा कोरकू शेतकरी आहे. तरी ती आजवर पर्यटकांना दाखवण्याच्या नवलाईपुरतीच राहिली. खरेदीची हमी, गावाजवळ साल काढायचे यंत्र आणि दहा-पंधरा वर्षे टिकणारे मार्गदर्शन यांवर सरकारने पैसा खर्च केला, तर तिथेही काही उभे राहू शकेल. तो खर्च भाडेकरारांच्या घोषणेइतका सोपा नाही. निदान नव्या कायद्याचा मसुदा आधी कोरकू, माडिया, गोंडी आणि भिलीत ग्रामसभांपुढे ठेवावा, त्यांचे ठराव घ्यावेत आणि मगच तो विधिमंडळात न्यावा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996पासून अस्तित्वात आहे. ग्रामसभेला विचारण्यासाठी नव्या परवानगीची गरज नाही.