वेताळाने तिलाच विचारलं असतं तर

राजा विक्रमाच्या खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि भोवती स्मशान. ‘चांदोबा’ वाचून मोठ्या झालेल्या मैत्रिणींना हे चित्र नव्याने सांगायला नको. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली निघाला आणि चित्रकार शंकर यांनी काढलेला विक्रम पुढे घराघरात पोचला. तलवार आणि जादूची कॉमिक्स म्हटली की आपण ते परदेशी खूळ समजतो. पण मंत्र, राक्षस, उडतं विमान असा सगळा मालमसाला सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त अकराव्या शतकापासून आहेच. वेताळाच्या गोष्टीही त्यातच येतात.

या गोष्टी मुलींबरोबर पुन्हा वाचायला घेतल्या की एक बाब खटकू लागते. वेताळाचं कोडं पुष्कळदा एकच असतं: ही बाई कोणाची?

सोमप्रभेची गोष्ट घ्या. लग्न करीन तर शूराशी, ज्ञानी माणसाशी किंवा मंत्रविद्या येणाऱ्याशी, असं ती घरच्यांना स्पष्ट सांगते. मग वडील एकाला शब्द देऊन बसतात, भाऊ दुसऱ्याला, आई तिसऱ्याला. तेवढ्यात राक्षस तिला पळवतो. ज्ञानी तिचा ठावठिकाणा सांगतो, मंत्रवाला विमान तयार करतो, शूर राक्षसाला मारतो. आता ती कोणाची? विक्रम म्हणतो, शूराची. मंदारवतीची गोष्ट तर याहून वरताण. ती तापाने मरते. तीन उमेदवारांपैकी एक तिच्या राखेवर झोपतो, एक अस्थी गंगेला नेतो, एक मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. ती उठून बसते न बसते तोच तिघांचं भांडण सुरू. विक्रमाचा निवाडा असा की जिवंत करणारा बापासारखा, अस्थी नेणारा मुलासारखा, आणि राखेवर झोपला तो नवरा.

जी मेली आणि जी उठून बसली, तिला कोणी एक अक्षर विचारलेलं नाही.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मी किशोरवयीन मुलींच्या गटांबरोबर काम करते. एक गट बारामती शहरातल्या वस्तीतला आहे, दुसरा इंदापूर तालुक्यातल्या एका गावातला. मंदारवती वाचून झाल्यावर इंदापूरच्या गटातली नववीतली मुलगी म्हणाली, ‘‘ताई, तिला कुणी इचारलंच न्हाई की.’’ दुसरी लगेच म्हणाली, ‘‘आमच्या आक्काला तरी कुठं इचारलं?’’ मग बोलणं विक्रमावरून सोयरिकीवर गेलं. कोणाला बागायत आहे, कोण पुण्याला कंपनीत आहे, मामाने कोणाला शब्द दिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. कायद्याची माहिती आम्ही शिबिरात देतो, मुली ती ऐकून घेतात. पण ‘मला कोणी विचारलं नाही’ हे वाक्य मी अशा शिबिरात क्वचितच ऐकलं होतं. ते वेताळाच्या गोष्टीनंतर आलं.

म्हणून सहकारी मैत्रिणी जेव्हा विचारतात की तलवारी आणि राक्षस कशाला, सरळ बालविवाहावर कॉमिक्स करून घ्या ना, तेव्हा माझं म्हणणं असं की मुली बालविवाहावरच कॉमिक्स करताहेत. फक्त त्यांना तो विषय आपण फळ्यावर लिहून दिलेला नाही.

पद्धत साधी आहे. दिल्लीचे व्यंगचित्रकार शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने ती देशभर रुजवली. चार चौकटींची गोष्ट, ए-फोर आकाराचे दोन कागद जोडायचे, काळ्या पेनाने काढायचं, झेरॉक्स करायची आणि भिंतीवर लावायची. चित्रकला येण्याची अट नाही. आम्ही त्यात एका गोष्टीची भर घातली, ती म्हणजे परीक्षणाची वही. बारामतीच्या मुलींची कॉमिक्स इंदापूरच्या मुली वाचून त्यावर लिहितात आणि उलट. वही एसटीने माझ्या पिशवीतून जा-ये करते. विकतची किंवा मोबाइलवर पाहिलेली कॉमिक्ससुद्धा याच वहीत तपासली जातात. बायकांच्या वाट्याला बोलण्याचे फुगे किती आले? तलवार कोणाच्या हातात आहे आणि ती कोणावर चालते? जादू येणारी बाई चांगली की वाईट, आणि ती दिसते कशी? चौकटींतले फुगे मोजायला आठवीतल्या मुलीला कोणाची विद्वत्ता उसनी घ्यावी लागत नाही.

बारामतीच्या मुली मोबाइलवर जपानी ‘डेमन स्लेयर’ पाहतात. तलवारी, राक्षस, सगळं आहे. त्यातली नायकाची बहीण नेझुको स्वतः राक्षसीण झालेली, प्रचंड ताकदीची, पण तिने माणसांना चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबूचं नळकांडं बांधलेलं. मुलींना ती अतिशय आवडते. वहीत मात्र एकीने लिहिलं होतं, ‘‘हिला एवढी ताकद दिली आणि तोंड बांधलं.’’ आवडतं आणि खटकतंही, हे एकाच परीक्षणात लिहिता येतं हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. आपल्याकडच्या वृत्तपत्री परीक्षकांना ते अजून जमत नाही, पण ते असो.

आपल्या इतिहासातल्या तलवारवाल्या बायका घेतल्या तर वेगळीच गंमत दिसते. १९६७ पासून मुंबईहून निघणाऱ्या ‘अमर चित्रकथे’ने त्या घरोघरी नेल्या. राणी लक्ष्मीबाई, ताराराणी, चांदबिबी, अहिल्याबाई. चौघीही कर्तबगार, यात शंका नाही. पण चौघींच्याही हातात सत्ता आली ती नवरा गेल्यावर. म्हणजे घरात पुरुष असेपर्यंत तलवार खुंटीला. जिवंत नवऱ्याची किंवा अजून लग्नच न झालेली, कोणासाठी नव्हे तर आपल्या मनाने घराबाहेर पडलेली तलवारवाली इतिहासात सापडणं कठीण. तिच्यासाठी कल्पनेतच जावं लागतं. कल्पित कॉमिक्सची गरज मला वाटते ती इथे.

परदेशात तरी काय होतं? १९७३ मध्ये अमेरिकन ‘कोनान’ कॉमिक्समध्ये रेड सोन्या ही तलवारबाज आली. तिची पूर्वकथा अशी रचली की तिच्यावर बलात्कार होतो, मग एक देवी तिला बळ देते, पण अट घालते: लढाईत जो तुला हरवेल त्याच्याखेरीज कोणा पुरुषाचा संग करायचा नाही. म्हणजे शक्ती हवी तर आधी अत्याचार सोसायचा, आणि नंतरही शरीराचा निर्णय तलवारीच्या निकालावर. तिला चिलखत कसलं दिलं, तर लोखंडी खवल्यांची बिकिनी! बारामतीच्या मुली यावर फार हसल्या. ‘‘पोटात भाला घुसंल की.’’ पुढे गेल सिमोन या बाईने २०१३ पासून रेड सोन्या लिहायला घेतली आणि बलात्काराची ती पूर्वकथा काढून टाकली. ही सिमोन सुरुवातीला लेखिका नव्हती, केस कापण्याचा व्यवसाय करणारी वाचक होती. केवळ नायकाला दुःख आणि त्वेष यावा म्हणून कॉमिक्समध्ये ज्यांना मारलं, लुळं केलं किंवा ज्यांची शक्ती काढून घेतली अशा स्त्री-पात्रांची तिने १९९९ मध्ये यादी केली. यादी म्हणजे परीक्षणच. आधी परीक्षण केलं आणि मग निर्मिती, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण मुलींच्या हाती थेट स्केचपेन देतो आणि त्या बारीक कंबर, मोठे डोळे काढतात म्हणून हळहळतो. आधी मोजायला लावलं असतं तर?

इंदापूरच्या गटात गाळपाच्या हंगामात ऊसतोडीच्या कोप्यांवरच्या काही मुली येतात. त्यातल्या एकीने काढलेल्या नायिकेच्या हातात तलवार नव्हती, कोयता होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचल त्या कोयत्याची मिळते आणि ती बहुधा पुरुषाच्या हातात पडते. बाई राबते, पण हिशेबात ती अर्धा कोयता. त्या मुलीच्या गोष्टीत मुकादम हा मायावी राक्षस आहे, वहीत आकडे लिहिले की ते रात्रीत वाढतात. नायिका त्याला मारत नाही, वहीचे दोन तुकडे करते. तलवार कोणावर चालते या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मी तरी वाचलेलं नाही.

इथे हिंसेचा आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्यात पोरं कोयते घेऊन दहशत माजवतात, धर्माच्या नावाने मुलींच्या हाती तलवार देणारी शिबिरंही भरतात. तिथे शत्रू आधी ठरलेला असतो, शेजारच्या वस्तीतला. म्हणूनच नुसती तलवार काढायला देऊन भागत नाही, दुसऱ्या गटाने ती तपासलीही पाहिजे. बारामतीच्या एका कॉमिक्सवर इंदापुरातून आलेलं परीक्षण होतं: ‘‘राक्षस काळाच का काढला? आमच्यात पण लोक काळे हायेत.’’ गटात बराच वेळ शांतता होती. १९६४ ते १९९० निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ, म्हणजे फँटम, आफ्रिकेच्या जंगलात काळ्या माणसांवर राज्य करणारा गोरा होता, आणि पिढ्यानपिढ्या आपण ते मुकाट वाचलं.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. ज्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या जिल्ह्यात आपण मुलींना जादूच्या गोष्टी काढायला लावायच्या? विमान मंत्राने उडतं हे खोटं आहे, हे मुलींना ठाऊक असतं. मला भीती विमानाची नाही, चेटकिणीची आहे. कॉमिक्समधली चेटकीण जवळजवळ नेहमी म्हातारी, एकटी, मोकळ्या केसांची. गावात करणीचा आळही अशाच बाईवर येतो: एकटी राहणारी, जमिनीचा तुकडा नावावर असणारी, फटकळ. कोणी करणी करतं अशी समजूत पसरवून त्या व्यक्तीला त्रास देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण चेटकिणीचा चेहरा मुलांच्या मनात कायद्याच्या फार आधी काढला जातो. बारामतीच्या गटात आम्ही एकदा एवढंच केलं, चेटकिणीला पहिल्या चौकटीत बोलायला लावलं. निम्म्या गोष्टींत ती औषधं ओळखणारी सुईण निघाली.

जुन्या गोष्टी अशा बदलाव्यात का, हे एका पालकांनी फार पोटतिडकीने विचारलं. कऱ्हेच्या काठावरच्या या बारामतीत बसून मोरोपंतांनी (१७२९-१७९४) एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. कधी ओष्ठ्य अक्षर न वापरता, कधी ओळींत मंत्र गुंफून. तेव्हा आमच्या मुलींनी सोमप्रभा एकदा बदलली तर बारामतीच्या परंपरेला काही धक्का बसू नये.

आणि हो, वही एकदा हातात आली की ती आपल्यावरही उलटते. मुलींनी चळवळीची जुनी पोस्टरंही तपासली. पहिल्या चौकटीत बाई डोक्याला हात लावून रडते, दुसरीत नवरा काठी उगारतो, तिसरीत झोळीवाली ताई येते, चौथीत सगळे हसतात. ‘‘ताई म्हंजी जादूगारच की,’’ असं परीक्षण आलं. रडणाऱ्या बाईला फुगा किती चौकटींत? एकाही नाही. निधी देणाऱ्या संस्था ‘संदेश काय?’ विचारतात तेव्हा त्यांना चौथी चौकटच हवी असते. ती मुलींवर लादू नये असं माझं स्पष्ट मत आहे, अहवाल लिहायला अवघड गेला तरी.

सोमप्रभेच्या कॉमिक्समध्ये बारामतीच्या मुलींनी शेवटच्या चौकटीत वेताळाला विक्रमाच्या खांद्यावरून खाली उतरवलं. तो सोमप्रभेला विचारतो, ‘‘तुझं काय म्हणणं?’’ ती म्हणते, ‘‘विमान कसं चालवतात ते आधी दाखवा,’’ आणि उडून जाते. आम्हाला सगळ्यांना ते फार आवडलं. इंदापूरहून परीक्षण आलं: ‘‘छान हाय. पण उतरणार कुठं? माहेरी तर घेणार न्हाईत.’’ लग्न थांबवल्यावर मुलीचं पुढे काय, हा आपल्या बैठकांत रात्री उशिरा निघणारा आणि तसाच राहणारा विषय. हे वाचून बारामतीच्या मुलींनी दुसरा भाग काढायला घेतला आहे. त्यात विमान म्हणजे लाल एसटी आहे. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, तेव्हा तिकिटाचा प्रश्न नाही. पण वसतिगृहात जागा मिळेपर्यंत ती राहणार कोणाकडे, यावर तिसरी चौकट अडली आहे. दोन मुली म्हणतात चेटकिणीच्या घरी, तिचं घर मोठं आहे आणि ती एकटीच असते.