प्रस्ताव की अर्ज?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील आपल्या जुन्या घराण्यांतील मुले आता डाळीच्या गिरण्या चालवितात, आडत करतात, बिदरीचा माल पुण्या-मुंबईस पाठवितात. त्यांची व्यवसायपत्रे मात्र अद्याप अर्जाच्याच थाटाची असतात. ‘आपल्या कृपादृष्टीची अपेक्षा आहे’, ‘एकवार संधी देऊन उपकृत करावे’! सरकारी नोकरीत आम्ही असे अर्ज गठ्ठ्यांनी वाचले. तेथे ते शोभत. व्यापाऱ्यापुढे मात्र ही भाषा माल हलका असल्याची कबुलीच ठरते.

1872 च्या भारतीय करार कायद्यातील प्रस्तावाची व्याख्या पाहावी. समोरच्याची संमती मिळावी या हेतूने, एखादी गोष्ट करण्याची वा न करण्याची आपली तयारी त्यास कळविणे, म्हणजे प्रस्ताव. तयारी, याचना नव्हे. याच कायद्याने प्रस्तावास मुदत घालण्याची व स्वीकृती रवाना होण्यापूर्वी तो मागे घेण्याची मुभाही दिली आहे. अर्जदारास असा अधिकार कोठला?

‘हा नम्रपणा आपला संस्कार आहे,’ असे काही ज्येष्ठ म्हणतील. आम्हांस ते मान्य नाही. जुन्या मोडी पत्रांतही मायना आटोपला की लिहिणारा थेट कामाच्या मजकुरावर येई. आपण मायना तेवढा वाढविला आणि मजकूर गमावला. याउलट नव्या पिढीची इंग्रजी नमुनापत्रे! ‘दर्जेदार सेवा’, ‘ग्राहकांचे समाधान’ हे शब्द साबणाच्या कारखान्यालाही चालतात आणि मंगल कार्यालयालाही.

बिदरीचेच घ्या. जस्त-तांब्याच्या ओतीव नगावर चांदीची तार ठोकून बसवितात आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या गरम द्रावणाने तो काळा करतात. या कलेस 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुलबर्गा तूरडाळीस 2019 मध्ये. एवढे भांडवल हाती असता पत्रात ‘आमचा माल उत्तम आहे’ हे एकच वाक्य असावे? मुंबईच्या दुकानदारास चांदी खरी आहे ना, काळा रंग टिकतो का, नगाचे वजन किती, वाटेत खराब झालेला नग कोण भरून देणार, हे हवे असते. हे सारे एका पानात मावते. दर, आगाऊ रक्कम आणि माल पोहोचविण्याची तारीख आकड्यांत लिहावी. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. सहीच्या वर एक ओळ अवश्य असावी: हा दर अमुक तारखेपर्यंतच लागू राहील. ही ओळ लिहिताना आपल्या माणसांचा हात सर्वांत जास्त अडखळतो.