एंटर म्हणजे होकार नव्हे!

स्क्रीनवर प्रश्न आला की आपलं बोट कुठे जातं? सरळ एंटरवर. प्रश्न वाचायचा वगैरे नंतर! ही सवय सगळ्यांनाच माहितीये. म्हणूनच मला वाटतं, नुसतं एंटर दाबल्यावर जे घडतं त्याची जबाबदारी दाबणाऱ्यापेक्षा तो प्रश्न लिहिणाऱ्याची जास्त आहे.

विंडोजमधली साधी बॅच फाइल घ्या. बॅकअप घेणं, जुन्या फाइल्स उडवणं अशा रोजच्या कामांसाठी ती आजही वापरतात. तिच्यात 'सेट /पी' लिहिलं की ती थांबून तुम्हाला उत्तर विचारते. आता गंमत बघा. तुम्ही काहीच टाइप न करता एंटर दाबलं, तर ते व्हेरिएबल रिकामं होत नाही. त्यात आधी जे होतं तेच राहतं. हे माहीत असेल तर काम सोपं. प्रश्नाच्या आधीच्या ओळीत डीफॉल्ट व्हॅल्यू भरून ठेवायची, झालं! माहीत नसेल तर हीच सोय अंगाशी येते. 'कोणतं फोल्डर पुसू?' असं स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर दुसऱ्या फेरीतल्या रिकाम्या एंटरला ती पहिल्याच फेरीचं उत्तर धरते.

आणि आधीही काही भरलेलं नसेल तर? फोल्डरचं नाव गायब, पुढची तिरकी रेघ तेवढी उरते. त्या रेघेचा अर्थ अख्खा ड्राइव्ह!

ही नुसती भीती नाही. २०१५ मध्ये 'स्टीम' या गेमिंग सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीत असंच झालं. बॅच फाइलच्याच जातकुळीतली शेल स्क्रिप्ट, त्यात एक व्हेरिएबल रिकामं निघालं आणि पुसण्याची कमांड थेट मुळापासून सुरू झाली. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइल्स गेल्या. त्या ओळीच्या डोक्यावर प्रोग्रामरने 'भीतीदायक!' अशा अर्थाची टीप लिहिलेली होती. टीप होती, तपासणी नव्हती.

'पण दरवेळी विचारत बसलं तर काम कधी होणार?' असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, डीफॉल्ट हवाच. फक्त तो शहाणा हवा. बॅकअपला नाव दिलं नाही, तर आजच्या तारखेचं नाव खुशाल द्या. चुकलं तर बदलता येतं. पुसलेलं मात्र परत येईलच असं नाही. तिथे 'इफ नॉट डिफाइंड'ने रिकामं उत्तर पकडा आणि स्क्रिप्ट थांबवा. किंवा 'चॉइस' कमांडला '/टी' आणि '/डी' जोडून सांगा, की दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर 'नाही' समज.

तुमच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात अशी एखादी फाइल असेलच. तिची कॉपी काढा, पुसणाऱ्या प्रत्येक कमांडच्या आधी 'इको' लिहा आणि काहीही टाइप न करता फक्त एंटर दाबत जा. काय पुसलं गेलं असतं, ते स्क्रीनच सांगेल.