हशा मैदानातला आणि मैदानाबाहेरचा

मानेसरच्या कारखान्यांची रांग मागे टाकून तावडूच्या बाजूला वळलं की अरवलीच्या टेकड्यांमध्ये 27 होलचं गोल्फचं मैदान लागतं. त्याची आखणी 18 मेजर स्पर्धा जिंकणाऱ्या जॅक निकलॉस यांची. हेच निकलॉस जुलै 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘हॅपी गिलमोर 2’मध्ये क्षणभर दिसतात. ते अर्धा आइस टी आणि अर्धं लिंबू सरबत मागवतात. वेटर त्या पेयाचं नाव विचारून खात्री करू पाहतो, ‘अर्नोल्ड पामर’, आणि निकलॉस त्याला स्वतःचं नाव सांगतात. ते पेय खरोखरच पामर यांच्या नावानं ओळखलं जातं आणि पामर हे निकलॉस यांचे उभ्या कारकिर्दीतले प्रतिस्पर्धी. गोल्फ ठाऊक असलेला माणूस इथं खळखळून हसतो.

खेळावरच्या अशा विनोदी चित्रपटांबद्दल दोनच मतं ऐकू येतात. समीक्षक ‘पाचकळ’ म्हणून हात झटकतात, प्रेक्षक ‘टाइमपास आहे’ म्हणून सोडून देतात. दोन्ही मतांत मूळ प्रश्न राहून जातो: सिनेमा हसवतो का, आणि हसवत असेल तर कशाच्या जोरावर? त्यासाठी एक साधी परीक्षा पुरेशी आहे. प्रसंगातून खेळ काढून टाकावा. तोच विनोद लग्नाच्या हॉलमध्ये किंवा पोलीस ठाण्यात तितकाच चालत असेल, तर खेळ केवळ मागच्या पडद्यावरचं चित्र आहे.

1996 चा पहिला ‘हॅपी गिलमोर’ या परीक्षेत उत्तम उतरतो. आइस हॉकीत डाळ न शिजलेला, तापट डोक्याचा नायक गोल्फमध्ये येतो आणि धावत येऊन हॉकीच्या जोरानं चेंडू हाणतो. गोल्फ हा शांततेचा, शिष्टाचाराचा खेळ. त्यात ही धाव घुसली की हसू फुटतंच. शिवाय त्यामागे खेळाचं खरं गणित आहे: धावल्यानं ताकद वाढते, नेम बिघडतो. तीन मेजर जिंकलेले आयरिश खेळाडू पॅड्रिग हॅरिंग्टन यांनी तसा धावता फटका सरावात वापरून दाखवला आहे. हॅपी चेंडू लांब मारतो, पण भोकाजवळ आल्यावर त्याला तो आत ढकलता येत नाही, आणि कथा नेमकी या कमतरतेवर पुढे सरकते. दुसऱ्या भागात मात्र दारूची बाटली नाना वस्तूंत लपवण्याचा विनोद इतका ताणला आहे की तिसऱ्या वेळेनंतर चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. तो विनोद कुठल्याही दारुड्याच्या सिनेमात बसला असता.

इथं ग्राम्यपणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. ‘सोंगाड्या’पासून (1971) दादा कोंडक्यांचे नऊ चित्रपट ओळीनं रौप्यमहोत्सवी ठरले, गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यांच्या द्व्यर्थी संवादांवर नाकं मुरडणाऱ्यांना त्यामागची वगनाट्यातून आलेली वेळेची जाण दिसली नाही. विनोद खालच्या पट्टीतला असला तरी मेहनतीचा असू शकतो. आळशी विनोद मात्र कितीही सोवळा असला तरी मरतो.

आपल्याकडची उदाहरणं तपासताना आधी ‘गोलमाल’ (1979) आठवायला हवा. नोकरीच्या मुलाखतीत अमोल पालेकरांचा रामप्रसाद पेलेबद्दल काहीच माहीत नसल्याचं सोंग आणतो. पेले सप्टेंबर 1977 मध्ये कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध खेळून गेले होते, आणि त्या वेड्या गर्दीची आठवण ताजी होती. म्हणून ते अज्ञान प्रेक्षकाला गुदगुल्या करतं. पुढे आईच्या आजाराचं निमित्त सांगून तो हॉकीचा सामना बघायला जातो आणि साहेबांच्या नजरेस पडतो. मैदानावर एकही विनोद न घडता खेळाचं वेड हास्याला इंधन पुरवतं. आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’मध्ये (2001) गोली नावाचा गावकरी गोफणीसारखा हात गरगरा फिरवत चेंडू टाकतो, इंग्रज आक्षेप घेतात, पंचांना विचार करावा लागतो. नियमाच्या फटीतून आलेला हा हशा आहे.

याउलट मार्च 2007 चा ‘हॅटट्रिक’. नाना पाटेकर आणि परेश रावल असूनही यातलं क्रिकेट टीव्हीवर चालू राहतं आणि माणसं दुसऱ्याच गोष्टी करतात. त्याच महिन्यात भारत बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून विश्वचषकाबाहेर पडला, तो मोसमही विनोदाला अनुकूल नव्हता. चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘मीराबाई नॉट आउट’ची (2008) नायिका गणित शिकवणारी, कुंबळेभक्त मराठी बाई. कल्पना सुरेख आहे, पण फिरकी आणि गणित यांची गाठ घालणारा जो विनोद तिच्याकडून सहज निघाला असता, तो लग्न जुळवण्याच्या धांदलीत राहून गेला.

सगळ्यात अवघड परीक्षा असते ती हसू कुणावर पडतं याची. ‘सितारे जमीन पर’ (2025) स्पॅनिश ‘चॅम्पियन्स’वर (2018) बेतलेला आहे. दिल्लीतला बुटका बास्केटबॉल प्रशिक्षक बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंना शिकवायला येतो. उंचांच्या खेळात बुटका माणूस, आणि त्याला ‘टिंगू’ म्हटलं की तो भडकतो: हा विनोद बास्केटबॉललाच शोभतो. लिफ्टला घाबरणारा प्रशिक्षकच आहे, खेळाडू त्याला धीर देतात. याच स्पॅनिश चित्रपटाचा 2023 चा अमेरिकन अवतार बॉबी फॅरेली यांनी दिग्दर्शित केला. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये खोटा अक्षम बनून घुसणाऱ्या माणसाच्या ‘द रिंगर’चे (2005) ते एक निर्माते होते. तो विषय ऐकूनच अंगावर काटा येतो, तरीही स्पेशल ऑलिम्पिक्स संघटनेनं त्याला पाठिंबा दिला, कारण फजिती त्या तोतयाची होते.

खेळातूनच हशा पिकवणारा मराठी सिनेमा चटकन आठवत नाही, याचं खरंच वाईट वाटतं. कबड्डीत बाद झालेला गडी सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्याला बाद केलं की पुन्हा जिवंत होतो. चढाई करणाऱ्याचा दम तुटला की प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात त्याची दैना उडते. विनोदी लेखकाला आणखी काय हवं? 1 मार्च 2024 ला पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून प्रो कबड्डी जिंकली; त्याच वर्षी 29 डिसेंबरला पुण्यातच, बालेवाडीत, हरियाणानं पाटण्याला नमवून चषक नेला. चाकणहून बदली होऊन मानेसरला आलेला मराठी फोरमन आणि त्याचा हरियाणवी शेजारी या दोन निकालांवर भांडू लागले, तर पटकथेचं पहिलं पान तिथंच लिहून होईल.