मुलींना रानात जाऊ द्या

उन्हाळा जवळ आला की क्युपर्टिनोतील आपल्या घरांत गर्ल स्काउट्सच्या निवासी शिबिराचा अर्ज येतो आणि बहुधा भरावयाचा राहून जातो. गणिताचा वर्ग बुडेल, सांताक्रूझच्या डोंगरांत रेडवूडच्या रानात मुलगी रात्री कशी राहील, ही कारणे आम्हीच देतो.

परंतु तंबूतील ही जागा सर्वांना सहज मिळालेली नाही. टेनेसीतील नॅशव्हिल येथे जोसेफिन हॉलोवे यांनी १९२४ पासून कृष्णवर्णीय मुलींसाठी हे कार्य आरंभिले. १९३३ मध्ये स्थानिक परिषदेने त्यांच्या पथकास मान्यता नाकारली. ती १९४२ मध्ये मिळाली. १९५५ मध्ये मिलर्सव्हिल येथे या मुलींसाठी शिबिरस्थळ उभे राहिले आणि त्यास हॉलोवे यांचेच नाव दिले गेले.

त्याच १९४२ च्या जुलैत, नागपूरच्या महिला परिषदेत, बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. आम्ही मुलींना चवदार तळ्याचा इतिहास सांगतो; पण सर्वांबरोबर एका नळाचे पाणी पिणे, एका चुलीवर रांधणे, आळीपाळीने सरपण वाहणे, हे त्यांना रानातच अनुभवता येईल. द्वार उघडे असता आपणच मुलींना अडवावे, हे आपणांस शोभत नाही. यंदा अर्ज भरू या.

जय भीम!